अमेरिकन गायक पॉल सायमनचा 'हार्ट्स अँड बोन्स' अल्बम कुणी पूर्ण ऐकलाय का?

रानवारा:
सायमनचा 'ग्रेसलँड' मला तोंडपाठ आहे. त्याच्या आधीचा, १९८३ चा 'हार्ट्स अँड बोन्स' काल लावला. पहिल्याच 'ॲलर्जीज' गाण्यातले ते यंत्रातून काढल्यासारखे आवाज ऐकून बंद केला. या अल्बमबद्दल फारसं कुणी बोलतही नाही. पुढे ऐकण्यासारखं आहे का?

खर्जातला:
आहे! सायमनचा माझा सगळ्यात आवडता अल्बम हाच. थेट दुसरं गाणं, शीर्षकगीत, लावा. हेडफोन लावून, रात्री.

अल्बम मागे पडला त्यात गाण्यांचा दोष नाही. १९ सप्टेंबर १९८१ ला सायमन आणि त्याचा जुना जोडीदार गायक गारफंकल न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुन्हा एकत्र गायले, पाच लाख माणसं जमली असं सांगतात. लोक दोघांच्या नव्या रेकॉर्डची वाट बघत होते आणि ती हीच असणार होती. गारफंकलचा आवाज रेकॉर्डही झाला होता. सायमनने तो पुसून टाकला, कारण गाणी त्याच्या फार खासगी आयुष्यातली होती. लोकांचा हिरमोड झाला. अमेरिकेत अल्बम ३५ व्या क्रमांकाच्या वर गेलाच नाही. गारफंकलवर अन्याय झाला खरा, पण शीर्षकगीत ऐकलं की मला सायमनचंच पटतं.

ते गाणं त्याच्या आणि अभिनेत्री कॅरी फिशरच्या नात्याचं. न्यू मेक्सिकोतल्या सांग्रे दे क्रिस्तो डोंगरांत दोघं फिरतायत. रातोरात गाडी हाणून सकाळी मेक्सिकोत उठू, असा विषय निघतो आणि तिथेच विरतो. मग प्रश्न येतो, मी आहे तशी तुला का चालत नाही? तो म्हणतो, जग असं नसतं, आणि माझं प्रेम हे असंच असतं. शेजारच्या खोलीतलं बोलणं कानावर यावं तसं हे भांडण आपल्यापर्यंत येतं. १९८३ च्या ऑगस्टमध्ये दोघांचं लग्न झालं, काही महिन्यांत अल्बम आला, पुढच्या वर्षी घटस्फोट.

शेवटचं 'द लेट ग्रेट जॉनी एस' सोडू नका. १९५४ च्या नाताळात बंदुकीची गोळी लागून गेलेला गायक जॉनी एस, आणि १९८० मध्ये गोळ्या घालून मारलेला बीटल्सचा जॉन लेनन, या दोघांचं हे गाणं. सेंट्रल पार्कात सायमन हे गात असताना एक माणूस थेट स्टेजवर धावून आला होता. लेननला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अल्बमवर शब्द संपले की संगीतकार फिलिप ग्लासने रचलेला वाद्यांचा छोटा तुकडा येतो. तो संपेपर्यंत पुढचं काही लावू नका.

पिंपळपान:
अर्धा अल्बम अप्रतिम, मान्य. 'कार्स आर कार्स' आणि 'व्हेन नंबर्स गेट सीरियस' मात्र आज जुनाट वाटतात. आणि 'थिंक टू मच' दोनदा, 'ए' आणि 'बी' अशी दोन रूपं, कशाला? नाइल रॉजर्सची गिटार असलेलं 'ए' एकटं पुरलं असतं.

खर्जातला:
'कार्स'बद्दल मी भांडणार नाही. 'थिंक टू मच'चं 'बी' मात्र मला हवंच. तेच दुखणं, पण शांतपणे सांगितलेलं.

निळी_शाई:
मॅग्रिटचं गाणं कसं विसरलात? चित्रकार आणि त्याची बायको हॉटेलच्या खोलीत पेंग्विन्स, मूनग्लोज या पन्नाशीच्या दशकातल्या गायक-गटांच्या गाण्यांवर नाचतायत, आणि मागे साथीला त्याच जमान्यातला हार्पटोन्स हा गट! २०१८ च्या 'इन द ब्लू लाइट' अल्बममध्ये सायमनने ते पुन्हा गायलंय. म्हातारा झालेला आवाज त्या गाण्याला जास्त शोभतो, माझ्या मते.

रानवारा:
शीर्षकगीत सलग तीनदा ऐकलं. मेक्सिकोच्या ओळीला थांबून परत मागे गेले. आता मॅग्रिट लावते, आधी जुनं आणि मग २०१८ चं.