३४ टक्के मतं आणि ४११ जागा: ब्रिटनमध्ये मताची किंमत ठरते कुठे?

चौकस

२०२४च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मतं आणि जागा अवघ्या ५. लिबरल डेमोक्रॅट्सची मतं रिफॉर्मपेक्षा कमी, १२.२ टक्के, तरी जागा ७२! सर्वाधिक मतं मिळतील तो विजयी, ही पद्धत आपल्याला काही नवी नाही, पण एवढी तफावत कशी पडते? सगळेच ओरडत असतात तर ती बदलत का नाही? आणि तिकडे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना मत देता येतं म्हणतात. वर्षानुवर्षं एकाच पक्षाकडे असलेल्या मतदारसंघात नाव नोंदवून काही उपयोग आहे का?

आकडेमोड

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. देशभराची टक्केवारी हा टीव्हीवर दाखवायचा आकडा आहे, कायद्याच्या लेखी त्याला काही अर्थ नाही. तिथे ६५० वेगवेगळ्या निवडणुका होतात आणि प्रत्येकीत दुसऱ्या क्रमांकाची सगळी मतं वाया जातात.

साउथ वेस्ट नॉरफोक हा मतदारसंघ बघा. हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांची ही जागा, २०१९मध्ये मताधिक्य होतं २६,१९५. २०२४मध्ये मजूर पक्षाला मिळाली ११,८४७ मतं, ट्रसबाईंना ११,२१७, रिफॉर्मला ९,९५८, आणि एका अपक्षाने ६,२८२ खाल्ली. ६३० मतांनी जागा गेली. विजयी उमेदवाराचा वाटा २६.७ टक्के, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश मतदारांना दुसरंच कोणीतरी हवं होतं. मजूर पक्षाची लाट वगैरे काही नव्हती, उजवीकडची मतं फुटली एवढंच.

हेच देशभर झालं. मजूर पक्षाला २०१९मध्ये १ कोटी ३ लाखांच्या आसपास मतं होती आणि जागा २०२. २०२४मध्ये मतं घटून ९७ लाखांवर आली आणि जागा दुप्पट झाल्या. एका जागेमागे किती मतं पडली ते काढा: मजूर पक्षाला सुमारे २३,६००, लिबरल डेमोक्रॅट्सना ४९,०००, हुजूर पक्षाला ५६,०००, ग्रीनला साडेचार लाखांच्या वर आणि रिफॉर्मला सव्वाआठ लाखांच्या घरात.

लिबरल डेमोक्रॅट्सचं गणित आणखी बोलकं आहे. २०१९मध्ये ११.६ टक्के मतांवर ११ जागा, २०२४मध्ये १२.२ टक्क्यांवर ७२. मतं जवळपास तेवढीच, पण या वेळी पैसा, कार्यकर्ते आणि पत्रकं दक्षिण इंग्लंडमधल्या हुजूर पक्षाच्या जागांवर ओतली आणि बाकीचा देश जवळजवळ सोडून दिला. रिफॉर्मची मतं मात्र सगळीकडे सारखी पसरलेली, म्हणून ९८ ठिकाणी दुसरा क्रमांक आणि हाती भोपळ्याहून थोडंच जास्त. १९८३मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पार्टी (एसडीपी) आणि लिबरल पक्ष यांच्या आघाडीचं असंच झालं होतं: २५.४ टक्के मतं, २३ जागा. त्याच निवडणुकीत मजूर पक्षाला २७.६ टक्क्यांवर २०९.

ही पद्धत मोठ्या पक्षाला नेहमीच झुकतं माप देते असं मात्र समजू नका. १९५१मध्ये मजूर पक्षाची मतं जास्त होती आणि सत्ता चर्चिलना मिळाली. फेब्रुवारी १९७४मध्ये बरोबर उलट झालं.

जुना खांब

आकडे बरोबर आहेत, पण सूर एकतर्फी वाटला. या पद्धतीत दोन गोष्टी मिळतात, त्या इतर ठिकाणी मिळत नाहीत. एक, प्रत्येक गावाला ठरलेला एकच खासदार. आठवड्याच्या शेवटी तो मतदारसंघात लोकांना भेटतो, व्हिसा, घर, शाळाप्रवेश, सगळी गाऱ्हाणी ऐकतो, आणि 'हे माझं काम नाही' म्हणायची सोय त्याला नसते. दोन, नको असलेला माणूस थेट काढता येतो. वरचं ट्रस यांचंच उदाहरण घ्या. यादी पद्धतीत (मत पक्षाला, खासदार पक्षाने लावलेल्या नावांच्या क्रमाने) पक्षाने त्यांना यादीत पहिलं नाव दिलं असतं तर त्या आरामात निवडून आल्या असत्या. शिवाय निकाल पहाटेपर्यंत लागतो आणि दुसऱ्या दिवशी नवा पंतप्रधान १०, डाउनिंग स्ट्रीट या सरकारी निवासात. आघाडीच्या वाटाघाटींत महिने जात नाहीत.

आणि लोकांना विचारलंही होतं की. ५ मे २०११च्या सार्वमतात ६७.९ टक्क्यांनी बदलाला नाही म्हटलं.

आकडेमोड

ते सार्वमत प्रमाणशीर प्रतिनिधित्वावर (मतांच्या प्रमाणात जागा) नव्हतंच. प्रश्न होता पसंतीक्रमाच्या मताचा: एकाच जागेसाठी १, २, ३ लिहायचं, शेवटचा उमेदवार बाद करत त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची, कोणी निम्म्यावर जाईपर्यंत. ती पद्धतही प्रमाणशीर नाही. जे कोणालाच मनापासून हवं नव्हतं ते समोर ठेवलं आणि ४२ टक्के लोक मतदानाला आले.

कायद्याचं बोट

बदल का होत नाही याचं सरळ उत्तर: ज्याच्याकडे बहुमत असतं तो याच पद्धतीने निवडून आलेला असतो. ब्लेअर यांच्या पक्षाने १९९७च्या जाहीरनाम्यात सार्वमताचं वचन दिलं होतं, पुढच्या वर्षी मतदान पद्धतीवरच्या जेन्किन्स आयोगाचा अहवालही आला. सार्वमत काही झालं नाही. २०२२मध्ये मजूर पक्षाच्या परिषदेने प्रमाणशीर पद्धतीचा ठराव मंजूर केला, तो २०२४च्या जाहीरनाम्यात दिसला नाही. डिसेंबर २०२४मध्ये एका लिबरल डेमोक्रॅट खासदाराचं प्रमाणशीर पद्धतीचं विधेयक १३८ विरुद्ध १३६ मतांनी दाखल झालं, म्हणून काही लोक नाचले. पण दहा मिनिटांच्या नियमाखाली (साध्या खासदाराला विधेयक मांडायला मिळणारी दहा मिनिटं) आलेल्या विधेयकाला सरकार वेळ देत नसेल तर ते तिथेच मरतं.

सार्वमत घ्यायलाच हवं असंही कायद्यात कुठे नाही, साधा कायदा पुरतो. २०२२च्या इलेक्शन्स ॲक्टने महापौरांच्या निवडणुकीतली दुसऱ्या पसंतीची सोय एका फटक्यात काढून टाकली, कोणालाही विचारलं नाही. परिणाम: मे २०२५मध्ये वेस्ट ऑफ इंग्लंडच्या महापौर २५ टक्के मतांवर निवडून आल्या.

आता 'प्रमाणशीर' म्हटलं की सगळं गोड, असंही नाही. वेल्सच्या सेनेडला (तिथल्या संसदेला) २०२६पासून ९६ जागा, १६ मतदारसंघ, प्रत्येकात ६ सदस्य आणि बंद यादी. मोजणी अशी: समजा पाच पक्षांना ३०, २८, १६, ९ आणि ६ हजार मतं पडली. प्रत्येक आकडा १, २, ३ ने भागत जायचं आणि मोठे सहा भागाकार निवडायचे. ते येतात ३०, २८, १६, १५, १४, १०. म्हणजे पहिल्या पक्षाला ३ जागा, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. चौथ्या पक्षाची मतं १० टक्क्यांवर असूनही हात रिकामे. मतदारसंघ सहाच जागांचा असला की उंबरठा आपोआप वर जातो. शिवाय मत पक्षाला द्यायचं, माणूस निवडता येत नाही, म्हणून जुना खांब यांचा यादीवरचा आक्षेप इथे लागू पडतो. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत (९० जागा, १८ मतदारसंघ, प्रत्येकी ५) तो लागू नाही, कारण तिथे मतदार उमेदवारांनाच पसंतीक्रम देतात. माझ्या मते त्यातल्या त्यात हीच बरी. मोजायला वेळ लागतो, लागू दे.

जुना खांब

उत्तर आयर्लंडचं उदाहरण मान्य. पण तिथलं सरकार किती वेळा ठप्प झालं तेही लिहा. दोष पद्धतीचा नाही म्हणाल, पण लोक दोन्ही एकत्रच बघतात.

मतपत्रिका

तिसरा प्रश्न तसाच राहिला. नाव नोंदवाच. मतदारसंघ 'ठरलेला' आहे असं आता छातीठोकपणे सांगता येत नाही. २०२४मध्ये हेंडनची जागा १५ मतांनी गेली, पूलची १८. मजूर पक्षाने लेस्टर साउथ आणि ब्लॅकबर्नसारख्या बालेकिल्ल्यांत अपक्षांकडून मार खाल्ला.

भारत राष्ट्रकुलात असल्याने ब्रिटनमध्ये राहणारा, वैध व्हिसा असलेला भारतीय नागरिक संसदेपासून कौन्सिलपर्यंत (स्थानिक संस्था) सगळीकडे मत देऊ शकतो. विद्यार्थी व्हिसाही चालतो. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (तिथला कर आणि सामाजिक विम्याचा क्रमांक) नसला तरी अर्ज करा, कौन्सिल दुसरा पुरावा मागेल. मुदत मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधी मध्यरात्रीपर्यंत. टपाली मतासाठी ११ कामकाजाचे दिवस आधी संध्याकाळी ५, प्रॉक्सीसाठी (आपल्या वतीने दुसऱ्याने मत देणं) ६ कामकाजाचे दिवस आधी ५. विद्यार्थ्यांना घरच्या आणि विद्यापीठाच्या अशा दोन्ही पत्त्यांवर नाव ठेवता येतं, पण संसदेसाठी मत एकाच ठिकाणी.

ब्रिटनच्या संसदेसाठी आणि इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांसाठी केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेलाही चालतो, फोटो ओळखू आला पाहिजे. फोनवरचा ई-व्हिसा किंवा पासपोर्टचा फोटो चालत नाही. लंडनचं विद्यार्थ्यांचं ऑयस्टर कार्ड (बस-रेल्वेचं प्रवास कार्ड) हेही नाही, ज्येष्ठांचं मात्र चालतं (यावर भरपूर वाद झालेत). यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदललं की इथेच गाडी अडते, म्हणून जुन्या नावाचा पासपोर्ट असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा. कुठलंच ओळखपत्र नसेल तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं, अर्जाची मुदत ६ कामकाजाचे दिवस आधी.

चौकस

उत्तम माहिती. टपाली मतं बाद होतात ती कशामुळे? वेळेत पोचत नाहीत म्हणून?

मतपत्रिका

उशीर हे एक कारण. मतदानाच्या दिवशी रात्री १०च्या आत पोचलं नाही तर गेलं. पण कितीतरी मतं सोबतच्या निवेदनामुळे बाद होतात. त्यावर सही आणि जन्मतारीख लागते आणि लोक सवयीने त्या दिवसाची तारीख लिहितात. अर्जावरच्या सहीशी सही जुळली नाही तरी मत बाद. मतपत्रिका आतल्या पाकिटात घालून ते बाहेरच्या पाकिटात निवेदनासह टाकायचं, निवेदन टेबलावर राहून गेलं की मत मोजलं जात नाही. शेवटच्या दोन दिवसांत पोस्टाच्या भरवशावर राहू नका, स्वतः मतदान केंद्रावर नेऊन द्या. तिथे एक छोटा फॉर्म भरावा लागतो. कौन्सिलच्या पत्रपेटीत गुपचूप सारलेलं पाकीट नियमाने नाकारलं जातं.

कायद्याचं बोट

अवांतर: इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन (कायम राहण्याची परवानगी) असेल तर भारतीय नागरिकाला खासदारकीला उभंही राहता येतं. दहा मतदारांच्या सह्या आणि ५०० पौंड डिपॉझिट. ५ टक्के मतं मिळाली नाहीत तर ते जप्त.