साडेतीन रुपयांचा शेअर आणि माझ्या दुकानाची किंमत

रंगपेटी_मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेत रंग-हार्डवेअरचं दुकान आहे, २६ वर्षं झाली. प्रश्न जरा लांबून येतोय, सांभाळून घ्या.

२०२४ ची धनत्रयोदशी, २९ ऑक्टोबर. मी दुकानात पूजा मांडत होतो आणि पोराने मोबाइल पुढे केला. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स नावाच्या कंपनीचा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून एका दिवसात २,३६,२५० रुपयांवर! म्हटलं, शून्यं चुकली असतील. नव्हती चुकली. या कंपनीला ना कारखाना, ना दुकान. तिची मुख्य मालमत्ता म्हणजे एशियन पेंट्सचे शेअर. म्हणजे ज्यांचे डबे मी रोज विकतो त्यांचेच. मग आदल्या दिवशी ती कंपनी कितीची होती? साडेतीनची की अडीच लाखांची?

तेव्हा हसून सोडून दिलं. आता मेहुणा भागीदारीतून बाहेर पडतोय. मी, बायको आणि तो, सारखे हिस्से. सीए म्हणतात, ताळेबंदात ४० लाख दिसतात, तीनने भागा. मेहुणा म्हणतो, नावाचे पैसे वेगळे. बायको दोघांकडे बघते आणि भाजी चिरते. खरी किंमत काढायची कशी?

चहाबिस्कीट

शेअर बाजार म्हणजे मटका. मेहुणा मागेल त्याच्या निम्मे द्या, विषय संपला.

तारणवाली

मटका नाही हो. बँकेत ३१ वर्षं काढली, बरीचशी कर्ज विभागात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साडेतीन रुपये हा शेवटच्या सौद्याचा आकडा होता, किंमत नव्हे. एल्सिडचे एकूण शेअर फक्त २ लाख आणि त्यातले तीन चतुर्थांश प्रवर्तकांकडे. उरलेल्या ५० हजारांचे धनी साडेतीन रुपयांना कशाला विकतील? घेणारे रांगेत, विकणारा कोणी नाही. त्यात एका दिवसात भाव किती हलू शकतो यालाही मर्यादा. मग शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने जून २०२४ मध्ये अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी मर्यादेशिवाय खास लिलाव घ्यायला सांगितलं. त्या लिलावात भाव निघाला २,२५,०००, आणि त्याच दिवशी आणखी पाच टक्के चढून तुमच्या पोराने दाखवलेला आकडा झाला. प्रवर्तकांनी त्याआधी १,६१,०२३ रुपये भाव देऊन कंपनी बाजारातून काढून घ्यायचा प्रस्ताव ठेवला होता, तो इतर भागधारकांनी नाकारला. म्हणजे साडेतीनवर कोणाचाच विश्वास नव्हता.

मला खरी गंमत पुढची वाटते. शेअरमागे पुस्तकी मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते, होतं ५ लाख ८५ हजारांच्या घरात. मग लिलावात त्याच्या निम्मासुद्धा भाव का नाही आला?

आमच्या माहेरी सामायिक जमीन आहे. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. पण वाटप झालेलं नाही, चुलतभाऊ विकणार नाहीत आणि उसाच्या बिलातून मला दिवाळीला एक साडी येते. आता सांगा, माझा हिस्सा कितीचा? गावातला दर गुणिले एकर केलं की आकडा मोठा येतो, पण त्यावर मी माझ्याच बँकेतून कर्ज दिलं नसतं.

एल्सिडचं तसंच. एशियन पेंट्सचा २०२३-२४ चा लाभांश शेअरमागे ३३ रुपये ३० पैसे. एल्सिडकडे त्यांचे सुमारे २ कोटी ८३ लाख शेअर. म्हणजे ९४ कोटींच्या आसपास. एल्सिडच्या एका शेअरच्या वाट्याला सुमारे ४,७०० रुपये. आणि एल्सिडने स्वतःच्या भागधारकाला त्या वर्षाचा दिला २५ रुपये लाभांश. साडीच की ही.

रंगपेटी_मिरज

ताई, साडीवर बायको खूप वेळाने हसली. आभार.

म्हणजे कागदावर किती आहे ते नाही, हातात काय पडतं ते बघायचं. मग एशियन पेंट्सचं काय? पोरगा म्हणतो, बाजारातली किंमत पुस्तकी मूल्याच्या कितीतरी पट. मला काउंटरवरून जे दिसतं ते सांगतो. लोक गट्टूची आठवण काढतात, एशियन पेंट्सच्या जाहिरातीतला, आर. के. लक्ष्मणांनी १९५४ मध्ये काढलेला तो पोरगा. मीही काढतो. पण मी माल ठेवतो तो गाडीमुळे. डबा संपला की ऑर्डर टाकायची, गाडी दारात. बेस (मूळ रंग) आणि स्टेनर (त्यात मिसळायचे गडद रंग) ठेवले की मशीनवर हवी ती शेड तयार. हजार शेडचे डबे रचून ठेवावे लागत नाहीत, माझे पैसे अडकत नाहीत. ही गाडी कुठल्या ताळेबंदात लिहितात?

कलम_सदतीस

कुठल्याच नाही. स्वतः घडवलेलं नाव आणि ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवायला लेखामानक ३८ परवानगीच देत नाही. विकत घेतला तर दाखवता येतो.

तुमच्या दुकानाचं बघू. भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे, करारात वेगळं नसेल तर गुडविल, म्हणजे नावाची किंमत, ही पेढीची मालमत्ता. त्यामुळे मेहुणा चुकीचं बोलत नाही. हिशेब न करता धंदा तसाच चालू ठेवलात तर कलम ३७ खाली तो त्याच्या रकमेवर सहा टक्के व्याज किंवा त्या रकमेच्या प्रमाणात नफा, हवं ते मागू शकतो. आणि करारात बंधन नसेल तर समोरच्या गाळ्यात दुकानही टाकू शकतो. फक्त तुमचं नाव वापरायचं नाही आणि जुन्या गिऱ्हाइकांना ओढायचं नाही. समोर दुकान न टाकण्याचं बंधन लेखी घ्या.

आता आकडे टाका. डेड स्टॉक किती, बुडीत उधारी किती, तीन वर्षांचा सरासरी नफा किती?

रंगपेटी_मिरज

बंद शेडचे डबे आणि गंजलेल्या बिजागऱ्या धरून ३ लाख. बुडीत उधारी २ लाख (एक बिल्डर, नाव घेत नाही). नफा सरासरी १३ लाख, त्यात मी आणि मेहुणा पगार घेत नाही.

कलम_सदतीस

मग ४० नव्हे, ३५ लाख. नफ्यातून तुम्हा दोघांचा महिना २५ हजार पगार धरून ६ लाख काढा. अडकलेल्या ३५ लाखांवरचा नेहमीचा परतावा म्हणून दहा टक्क्यांनी साडेतीन लाख काढा. उरले साडेतीन. ही दुकानाची खरी जास्तीची कमाई. तीन वर्षांची धरायची रीत आहे, म्हणजे साडेदहा लाख गुडविल. ३५ आणि साडेदहा मिळून साडेपंचेचाळीस, त्यात मेहुण्याचा तिसरा हिस्सा १५ लाखांच्या आसपास.

तारणवाली

गणित बरोबर आहे, पण ते साडेतीन लाख आणतं कोण? मी कर्ज देताना विचारायची, मालक दोन महिने नसला तर गल्ल्यात किती पडेल?

रंगपेटी_मिरज

ताई, बरोबर दुखतं तिथे बोट ठेवलंत. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सात आठवडे घरी होतो. विक्री फारशी घटलीच नाही. काउंटरवरच्या पोराला प्रत्येक पेंटरची शेड पाठ आहे, कुणाचं डब्यातलं बक्षिसाचं टोकन बाकी आहे तेही. त्याला १४ हजार देतो. आणि उधारी? ती मेहुणाच आणायचा, स्कूटरवरून, शनिवारी. माझ्याच्याने ते कधी जमलं नाही.

तेव्हा १५ च्या आकड्यावर मेहुण्याशी बोलण्याआधी आज दुकान बंद झाल्यावर त्या पोराला चहाला नेतो. तो बिचारा समजेल, पगार कापणार आहेत.