मदत हवी आहे: जीपीएस टाइम सर्व्हरचं घड्याळ रोज नेमकं एक सेकंद मागे उडी मारतं

नमस्कार मंडळी, चार दिवस याच्याच मागे आहे आणि उलगडा होत नाहीये.

लिनक्स मशीनच्या सिरियल पोर्टवर जीपीएस रिसीव्हर आहे. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), एनएमईए वाक्यं (रिसीव्हर वेळ, जागा, उपग्रह सांगतो त्या मजकुराच्या ओळी), सोबत पीपीएसची तार (दर सेकंदाला एक ठोका देणारी), आणि वेळ सांभाळायला एनटीपीडी हा प्रोग्राम. एरवी फरक काही मायक्रोसेकंदांच्या आत असतो. मग दुपारी हे होतं:

सोम १४:२२  −१.०००
मंगळ १४:१८  −१.०००
बुध १४:१४  −१.०००
गुरु १४:१०  −१.०००

पाऊण तासाने तितकीच उलटी उडी मारून घड्याळ जागेवर येतं. पण तेवढ्या वेळातल्या नोंदी वाया जातात. एका मशीनच्या लॉगमध्ये विनंती पोचण्याआधीच उत्तर गेलेलं दिसतं. अशा लॉगवर विश्वास कसा ठेवायचा?

लीप सेकंद (जागतिक वेळेत अधूनमधून घालतात तो जादा सेकंद) नाही, कारण जीपीएस आणि यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतला फरक १ जानेवारी २०१७ पासून १८ सेकंदच आहे. जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा भरून पुन्हा शून्यावर गेला असता तर थेट १०२४ आठवडे मागे गेलो असतो. अँटेनाची केबल बदलून पाहिली. भिंतींवरून सिग्नल परावर्तित होत असेल का?

उत्तर:

परावर्तनाने नॅनोसेकंदांचा घोळ होतो, अख्ख्या सेकंदाचा नाही. तुमच्या वेळा पुन्हा बघा, उडी रोज चार मिनिटं आधी येतेय. जीपीएस उपग्रहांची तीच मांडणी आपल्या डोक्यावर सुमारे २३ तास ५६ मिनिटांनी परत येते. म्हणजे त्या वेळी आकाशात जास्त उपग्रह दिसत असणार.

पीपीएसचा ठोका सेकंद कधी सुरू झाला एवढंच सांगतो, कितवा ते वाक्यातून कळतं. जीएसव्हीच्या (दिसणाऱ्या उपग्रहांची यादी देणाऱ्या) एका वाक्यात चारच उपग्रह मावतात. १२ चे १३ झाले की एक वाक्य वाढलं. ९६०० बॉडवर सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, त्यामुळे आरएमसी (तारीख-वेळ सांगणारं वाक्य) शेवटी येत असेल तर ते मागे ढकललं जातं. अर्ध्या सेकंदाच्या पलीकडे गेलं की एनटीपीडीला पुढचा ठोका जवळचा वाटतो आणि जुन्या सेकंदाचा आकडा त्या ठोक्याला चिकटतो. १२८ मिलिसेकंदांहून मोठा फरक काही मिनिटं टिकला की एनटीपीडी घड्याळ हळूहळू सरकवत नाही, एकदम उचलून ठेवतो.

पोर्टवरची कच्ची वाक्यं वेळेच्या शिक्क्यासह पकडा, मग बोलू.

मूळ प्रश्नकर्ता:

पकडली. सकाळी आरएमसी ठोक्यानंतर ०.४४ सेकंदाने संपतं. १४:०० नंतर जीएसव्हीची वाक्यं तीनाची चार झाली आणि तेच ०.५६ वर गेलं. चार दिवस अँटेनाकडे बघत बसलो होतो!

जीएसव्ही आणि जीएसए (वापरातले उपग्रह सांगणारं वाक्य) बंद केलं, फक्त आरएमसी ठेवलं, वेग ११५२०० केला. आज १४:०६ ला लॉग उघडून बसलो होतो. उडी आली नाही, १५:०० पर्यंतही नाही.

आता एकच विचारायचंय. आरएमसी उशिरा येण्याची सरासरी एनटीपीडीच्या टाइम२ या सेटिंगमध्ये (वाक्याच्या उशिराची भरपाई करणाऱ्या) भरायची आहे. ती किती तासांच्या नोंदींवरून काढावी? मी पूर्ण २४ तासांच्या काढतोय, म्हणजे उपग्रहांची सगळी फेरी त्यात येईल.