तालुक्याच्या साप्ताहिकाने डिजिटल अंकासाठी वर्गणी मागावी का?

साप्ताहिकवाला (सातारा जिल्हा)
नमस्कार. आमच्या घरातून गेली 26 वर्षे एक आठ पानी साप्ताहिक निघते. अंकाची किंमत 5 रुपये असून कागद आणि छपाई यांचाच खर्च त्याहून अधिक येतो. ही तूट आजवर जाहीर नोटिसा, पतसंस्थांच्या वार्षिक सभांच्या सूचना, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दिवाळी विशेषांक यांतून भरून निघत असे. आता शुभेच्छा मोबाइलच्या स्टेटसवर दिल्या जातात, जाहिरातींची उधारी वर्षभर वसूल होत नाही आणि अंकाची पीडीएफ त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरते. डिजिटल अंकाला वर्गणी ठेवावी असे मला वाटते, परंतु बातमीसाठी आपल्याकडे कोणी पैसे मोजणार नाही, असे वडिलांचे म्हणणे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

माजी उपसंपादक (पुणे)
वडिलांची शंका रास्त आहे. नव्वदच्या दशकात वृत्तपत्रांनी एकमेकांवर मात करण्यासाठी अंकाच्या किमती उतरवल्या, त्या दरयुद्धानंतर आपल्याकडे अंक स्वस्त ठेवायचा, खप वाढवायचा आणि त्या खपावर जाहिरात मिळवायची, हेच गणित रूढ झाले. त्यामुळे वाचकाने बातमीची खरी किंमत कधी मोजलीच नाही. जी मोजली, तिच्यातलाही काही भाग रद्दीतून त्याला परत मिळाला. पुढे जाहिरातदार गूगल आणि फेसबुककडे वळला आणि हे गणित कोलमडले.

न्यूयॉर्क टाइम्सने 2011 मध्ये संकेतस्थळावर वर्गणी सुरू केली आणि आज त्याचे वर्गणीदार एक कोटीहून अधिक आहेत. पण जगभरचा इंग्रजी वाचक, शब्दकोडी आणि पाककृती हे भांडवल आपल्यापाशी नाही. ब्रिटनमधील गार्डियन या दैनिकाचा मार्ग मला आपल्याला अधिक जवळचा वाटतो. तिथे बातम्या सर्वांना खुल्या असतात आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी हातभार लावावा, असे आवाहन केले जाते, अर्थात त्यामागे त्या दैनिकाची मालकी असलेल्या, 1936 पासूनच्या स्कॉट ट्रस्टचे पाठबळ आहे, हेही विसरता येणार नाही.

तुमचे भांडवल वेगळे आहे. नगरपंचायतीच्या सभेत कोणता ठराव झाला, कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, कारखान्याने उसाचा कोणता हप्ता थकवला, हे दुसरे कोणी नीट छापत नाही. वर्गणी मागायची ती यासाठी. मात्र निवडणुकीत पैसे घेऊन बातमी छापू नका. 2009 च्या निवडणुकांत हा प्रकार उघड झाला, तेव्हा महाराष्ट्रातील वृत्तपत्रांची मोठी नाचक्की झाली होती. ज्या विश्वासापोटी वाचक वर्गणी देणार, तोच अशा पैशाने नाहीसा होतो.

वृत्तपत्र विक्रेता
2020 च्या टाळेबंदीत ज्या घरांचा अंक बंद झाला, त्यांतील अनेक घरांत तो पुन्हा सुरू झाला नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही महिन्याचे बिल दारात मागितले की लोक देतात, कारण मागणारा माणूस ओळखीचा असतो. डिजिटल वर्गणीही विक्रेत्यामार्फतच गोळा करावी आणि त्यावर त्याला कमिशन द्यावे.

पाटणकर (नवी मुंबई)
माझे वडील माथाडी कामगार होते आणि आमच्या वस्तीत पाटण-जावळीकडची शेकडो कुटुंबे आहेत. छापील अंक आमच्यापर्यंत पोहोचत नाही, पण गावची यात्रा, जमिनीच्या नोटिसा आणि कोण निवर्तले हे आम्हाला वेळेवर कळायला हवे असते. वर्षाला 300 रुपये मी आनंदाने देईन.

साप्ताहिकवाला (सातारा जिल्हा)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुंबईकर गावकऱ्यांचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. आज वडिलांसोबत बसून गावनिहाय यादी करायला घेतली असून पहिली तीन नावे त्यांनीच सांगितली.