रॉक अँड रोलची पहिली तबकडी कोणती? शोधायचं कसं?

कट्ट्यावरचा_बंड्या:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दर महिन्याला जुनं संगीत ऐकायला वीस-पंचवीस टाळकी जमतात आणि पुढचा विषय माझ्या गळ्यात पडलाय, रॉक अँड रोलची सुरुवात. मला वाटलं सोप्पंय, एल्व्हिस, बिल हेली, चक बेरी लावायचे की झालं काम. वाचायला बसलो आणि डोक्याचं पार भजं झालं. कोणी म्हणतं १९५१ चं 'रॉकेट ८८' पहिलं, कोणी म्हणतं फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' (डिसेंबर १९४९), कोणी थेट जुलै १९५४ मधलं एल्व्हिसचं 'दॅट्स ऑल राइट'. प्रत्येक साइटवर पोराचा बाप वेगळा. यूट्यूबच्या लिंका नकोत प्लीज, ऐकून झालंय सगळं. कोणी कधी काय रेकॉर्ड केलं हे खात्रीने कसं शोधायचं, ते सांगा.

लाखेची_तबकडी:
पहिली कोणती हा वाद तिकडे लोक पन्नास वर्षं घालतायत, त्यात पडाल तर कार्यक्रम बोंबलेल. आधी एक सवय लावून घ्या, लेबलवर छापलेल्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. रॉकेट ८८ च घ्या. लेबलवर आहे जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स. असा बँडच नव्हता! बँड आइक टर्नरचा, किंग्ज ऑफ रिदम, ब्रेन्स्टन त्यातला सॅक्सोफोनवाला, हे गाणं त्याने गायलं इतकंच. मार्च १९५१, आइक तेव्हा १९ वर्षांचा, ही पोरं मिसिसिपीहून मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत निघाली आणि वाटेत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची वाट लागली, गाडीवरून पडला म्हणतात, पावसात भिजला असंही सांगतात. स्पीकरचा कोन (आतला कागदी पडदा) फाटलेला, त्यात कागद कोंबला आणि तसंच रेकॉर्ड केलं. ती गिटार जी खरखरत घोंघावते ना, ती त्या फाटक्या कोनाची कृपा. फिलिप्सची सन कंपनी अजून निघायची होती, म्हणून माल गेला शिकागोच्या चेस कंपनीकडे, जूनमध्ये आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, म्हणजे काळ्या कलाकारांच्या गाण्यांच्या) यादीत एक नंबर, आणि आइकचं नाव लेबलवर कुठेच नाही. वर गाणं बेतलेलं जिमी लिगिन्सच्या 'कॅडिलॅक बूगी'वर, हे खुद्द ब्रेन्स्टनने कबूल केलंय.

तसंच १९५५ चं 'मेबलीन'. चक बेरीच्या जोडीला गीतकार म्हणून रेडिओवाला अ‍ॅलन फ्रीड! लिहिण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, गाणं वाजवत राहावं म्हणून हिस्सा दिलेला. पूर्ण हक्क बेरीला परत मिळाले ते १९८६ ला.

ऑस्टिनची_आक्का:
सगळे बाप्येच मोजताय की रे. सिस्टर रोझेटा थार्प कुठे गेली? १९४४ ला तिने डेक्का कंपनीसाठी 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' रेकॉर्ड केलं. गाणं देवाचं, पण हातात इलेक्ट्रिक गिटार आणि पियानो असा की बसवत नाही. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमवाल्यांना ती आठवली २०१८ मध्ये, बाई वारली १९७३ ला.
आणि बंड्या, बिलबोर्डचे (गाजलेल्या गाण्यांच्या याद्या छापणारं अमेरिकन साप्ताहिक) जुने अंक नेटवर स्कॅन केलेले आहेत, ते चाळ. फक्त पॉपची यादी बघू नकोस. काळ्या कलाकारांची यादीच वेगळी असायची, १९४२ ला तिचं नाव 'हार्लेम हिट परेड', मग १९४५ पासून 'रेस रेकॉर्ड्स', जून १९४९ पासून 'रिदम अँड ब्लूज'. पॉपची यादी तेवढी बघितलीस तर रॉक अँड रोल १९५५ ला आभाळातून पडलं असंच वाटेल.

गोमू:
रुमाल टाकून ठेवतो. आपल्याकडे चितळकरांनी १९५७ ला 'ईना मीना डिका' करून धमाल उडवली, त्यांच्या ताफ्यातल्या गोव्याच्या वादकांवर वेगळा धागा व्हायला पाहिजे राव.

लाखेची_तबकडी:
काढाच, येतो मी.
@बंड्या, तारखांसाठी सांता बार्बरा विद्यापीठाची डिस्कोग्राफी (तबकड्यांची सूची) फुकट बघता येते, डेक्का, व्हिक्टर वगैरे मोठ्या कंपन्यांच्या सेशनच्या नोंदी सापडतील. शोधताना मॅट्रिक्स नंबर धरा, तो रेकॉर्डिंगला दिलेला असतो, लेबलच्या कडेला काळ्या भागात खरडलेला दिसतो. कॅटलॉग नंबर बाजारात आणतानाचा, तबकडी पुन्हा काढली की तो बदलतो आणि लोक तिथेच फसतात. छोट्या कंपन्यांसाठी मासिकांतल्या जाहिराती बघा.
अजून एक, १९४२ ते ४४ रेकॉर्डिंग कमी दिसलं तर संगीत थंडावलं होतं असं समजू नका. वादकांच्या युनियनचा संप होता, डेक्काने १९४३ ला तडजोड केली, बाकी मोठ्या कंपन्या पुढच्या वर्षापर्यंत अडून. त्यात युद्धामुळे आपल्याकडची लाख तिकडे पोचेना, तबकड्या बनवणार कशाच्या?

कट्ट्यावरचा_बंड्या:
कसलं भारी! म्हणजे काळ्यांचं संगीत उचलणारा गोरा बिल हेली ढापूच म्हणायचा का?

ऑस्टिनची_आक्का:
ढापू काय, कंट्री (गोऱ्यांचं गावाकडचं संगीत) वाजवणारा माणूस, आणि रॉकेट ८८ त्यानेही १९५१ लाच गायलं होतं. 'रॉक अराउंड द क्लॉक' १२ एप्रिल १९५४ चं, न्यूयॉर्कला. निर्माता मिल्ट गॅबलर, आणि हाच गॅबलर चाळिशीच्या दशकात डेक्कात लुई जॉर्डन या काळ्या गायकाच्या तबकड्या करायचा. जॉर्डन आणि हेलीला पाठोपाठ ऐकव, हेलीचं कुठून आलं ते लोकांना आपोआप कळेल. बरं 'क्लॉक' आलं बी साइडला, म्हणजे तबकडीच्या मागच्या बाजूला, फार कोणी विचारलं नाही, १९५५ मध्ये 'ब्लॅकबोर्ड जंगल' सिनेमाच्या सुरुवातीला वाजलं आणि मग आठ आठवडे एक नंबर. तेव्हा वहीत तीन रकाने आख, रेकॉर्ड कधी झालं, बाजारात कधी आलं, गाजलं कधी. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

कट्ट्यावरचा_बंड्या:
आखले. सुरुवात जॉर्डनच्या 'कॅल्डोनिया'ने करतो, मग थार्पबाई, एल्व्हिसला शेवटची पाच मिनिटं. एक आजोबा नक्की भांडणार, बघू.