विद्यापीठ, ओव्हल, काळा घोडा: तुम्ही काय पाहिलंत?

मंडळी, मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवाराभोवती आपल्यापैकी बरेच जण पायी भटकलेत. कुणी परीक्षेच्या कामाला, कुणी कोर्टात, कुणी जहांगीरला चित्रं बघायला. तिथल्या रस्त्यांवर नजरेत काय भरलं, ते इथे जरूर लिहा.

सुरुवात मी करते. चर्चगेटहून फोर्टात जाणारे ओव्हल मैदानातल्या पायवाटेने जातात. मध्यावर थांबून पूर्वेला बघा: राजाबाई टॉवर, पदवीदान सभागृह, उच्च न्यायालय, सगळ्या गॉथिक इमारतींची तोंडं पश्चिमेला. त्या बांधल्या तेव्हा समोर समुद्र होता! पुढे भराव पडला आणि १९३०च्या दशकात त्या जागेवर गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. २०१८ साली या दोन्ही रांगांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मला तरी मुंबईत याहून देखणी जागा माहीत नाही.

*

छान धागा. वास्तुकला शिकत असताना आम्ही तिथे रेखाटनं करायला जायचो. टॉवरचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. तो मुंबईत कधी आलाच नाही. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं, काम पुरं झालं १८७८ मध्ये. पण दगड कुर्ल्याचा. आणि मान वर करून नीट पाहिलं तर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या माणसांचे पुतळे दिसतात, आपापल्या पेहरावात. विलायती मनोऱ्यावर आपली माणसं! सभागृहाच्या मोठ्या गोल खिडकीत रंगीत काचेच्या बारा राशी आहेत, त्या आतून बघा.

*

मी साताऱ्याचा, कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेला. पहिल्यांदा विद्यापीठात गेलो तेव्हा ओव्हलच्या कडेने चालत होतो आणि पाटी दिसली: कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. पाय तिथेच थबकले. मैदानाच्या दुसऱ्या अंगाला महर्षी कर्वे मार्ग. एकाने खेड्यातल्या गरिबाच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली, दुसऱ्याने बायकांसाठी विद्यापीठ, आणि या विद्यापीठासमोरच्या मैदानाला दोघांच्या नावाचे रस्ते. तिथूनच वडिलांना फोन लावला. तेही रयतचेच विद्यार्थी. बराच वेळ बोलत राहिले.

*

वकिली करते, त्यामुळे रोजचाच रस्ता. उच्च न्यायालयातल्या दगडी कोरीवकामात एक माकड न्यायाधीश आहे: हातात तराजू, एका डोळ्यावर पट्टी. नव्या ज्युनियरला आधी तो दाखवते.

*

काळा घोडा राहिलाच की! मूळचा स्वारासकटचा पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, नाव मात्र चौकालाच चिकटलं. आताचा बिनस्वाराचा घोडा २०१७चा. जवळच वॉटसन हॉटेलची ओतीव लोखंडाची इमारत. सांगाडा इंग्लंडात घडवून बोटीने आणलेला, आणि १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचे चित्रपट मुंबईकरांनी तिथेच पाहिले. इतकी मोलाची वास्तू खंगताना बघून जीव तुटतो. डागडुजी कुठवर आली, कुणी हल्ली पाहिलं असेल तर कृपया लिहा.