परदेशातून आणलेले संगणकाचे सुटे भाग : आपला हिशेब लिहा

नमस्कार. घरी स्वतः संगणक जोडणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकाला "येताना एवढे घेऊन ये" असे सांगितलेले असते. त्यातून खरोखर किती वाचले, हे मात्र क्वचितच कोणी कागदावर मांडते. मूळ किंमत, तिथला कर, त्या दिवसाचा डॉलरचा भाव, विमानतळावर भरलेले शुल्क आणि पुढे भाग बिघडला तेव्हा काय झाले, हे सारे धरून आपला अनुभव लिहावा, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

डिसेंबर २०२२ मध्ये पत्नी आणि मी आतेभावाकडे डेलावेअरला गेलो होतो. त्या राज्यात विक्रीकर नाही, त्यामुळे आरटीएक्स ४०८० हे ग्राफिक्स कार्ड छापील १,१९९ डॉलरलाच मिळाले. ८२ रुपयांच्या भावाने ९८,३०० रुपये झाले. पुण्यात त्याच आठवड्यात मला सव्वा लाखाच्या आसपास भाव सांगितला होता. तेव्हाच्या नियमांनुसार परतणाऱ्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानावर शुल्क माफ होते. आम्ही दोघे असल्यामुळे एक लाखापर्यंत चिंता नाही, असे मी गृहीत धरले होते, आणि तिथेच चुकलो. विमानतळावर शुल्क लागणारे सामान जाहीर करायच्या लाल मार्गिकेवरच्या अधिकाऱ्यांनी पावती पाहून शांतपणे समजावले की सवलत माणशी असते, दोघांची एकत्र करून एकाच वस्तूला लावता येत नाही. वरच्या ४८,३०० रुपयांवर ३८.५ टक्के दराने सुमारे १८,६०० रुपये भरले. वाचले आठ हजार. दीड वर्षाने कार्डाचा मधला पंखा खडखडू लागला तेव्हा इथल्या सेवा केंद्राने अनुक्रमांक पाहून ते अमेरिकेत विकलेले असल्याचे सांगितले आणि हमीत घेण्यास नकार दिला. शेवटी पंख्यांचा सुटा संच मागवून मीच बदलला. लाल मार्गिकेने जाऊन पावती दाखवल्याचा मात्र मला आजही पश्चात्ताप नाही.

ठाण्याहून

माझा अनुभव २०१९ चा आहे आणि तो मदरबोर्डचा, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य पाटीचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सिंगापूरला कामासाठी गेले असताना सिम लिम स्क्वेअर या संगणकाच्या दुकानांच्या संकुलातून मदरबोर्ड घेतला. तेव्हा तिथे वस्तू व सेवा कर ७ टक्के होता आणि त्यातला बराचसा चांगी विमानतळावर परत मिळाला, त्यामुळे मी समाधानात होते. घरी जोडणी केल्यावर ३२ जीबी रॅमपैकी १६ जीबीच दिसू लागली. रॅमच्या पट्ट्या अदलून-बदलून पाहिल्या, पण दोन खाचा मृतच होत्या. मग प्रोसेसर काढला, मोबाइलचा दिवा तिरपा धरला आणि भिंगातून पाहिले, तर प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटच्या एका कडेच्या दोन पिना शेजारच्या पिनांवर झुकलेल्या होत्या. सरळ उजेडात त्या दिसतही नव्हत्या. दुकानदाराचे उत्तर आले की हे हाताळणीतले नुकसान असून ते हमीत बसत नाही, आणि मुंबईतल्या वितरकाने हा बोर्ड भारतात आलेल्या मालातला नसल्याचे कळवले. दोघांचेही म्हणणे त्यांच्या जागी बरोबर असेल, पण मधल्या मध्ये मी अडकले होते. मुलाच्या कंपासपेटीतली, खटका दाबून बारीक शिसे पुढे येते ती पेन्सिल घेतली, तिच्यातले शिसे काढून टाकले आणि पोकळ टोक पिनेवर अलगद बसवून केसभर, केसभर उचलत दोन्ही पिना ओळीत आणल्या. त्याला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात घरात कोणी मोठ्याने बोललेही नाही. बोर्ड आजही चालतो. पण ज्या भागात इतके नाजूक काही असते, तो दुकानातच उघडून पाहता येईल आणि हाकेच्या अंतरावर परत करता येईल अशा ठिकाणीच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

दुबईहून

गेली कित्येक वर्षे सुट्टीवर येताना मी बर दुबईतल्या खालिद बिन अल वलीद रस्त्यावरच्या संगणकाच्या दुकानांतून नातेवाइकांसाठी सामान आणत आलो आहे. इथे मूल्यवर्धित कर २०१८ पासून फक्त ५ टक्के आहे. मी आता प्रोसेसरखेरीज काहीही आणत नाही. पॉवर सप्लाय जड असतो, कॅबिनेट सामानात बसत नाही, आणि बिघाड झाला की मला फोन येतो. प्रोसेसर आणतानाही कंपनीच्या सीलबंद खोक्यातलाच घेतो. तोच प्रोसेसर खोक्याविना, ट्रेमधला म्हणून, स्वस्तात मिळतो, पण त्याची हमी उत्पादक थेट ग्राहकाला देत नाही, विकणाऱ्या दुकानाकडेच जावे लागते.

लेस्टरहून

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडेसे. २०२० अखेरपर्यंत जर्मनीतून एसएसडी (माहिती साठवण्याचा भाग) मागवणे म्हणजे शेजारच्या गावातून मागवण्यासारखे होते. ब्रिटन युरोपीय संघाच्या बाजारातून बाहेर पडल्यामुळे १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांवरच्या पार्सलवर इथला २० टक्के कर आणि वर कुरिअरचे हाताळणी शुल्क द्यावे लागते. माझ्या विक्रेत्याने जर्मनीचा १९ टक्के कर वजाच केला नाही, म्हणजे एकाच वस्तूवर मी दोन देशांचा कर भरला. तो परत मिळवण्यासाठी सात ईमेल लिहावे लागले.

नागपूरहून

बहिणीने कॅनडाहून रॅम 'भेट' म्हणून टपालाने पाठवली होती. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली गेली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. शुल्क भरून सोडवली तेव्हा ती इथल्यापेक्षा महागच पडली.

कोल्हापूरहून

मी सगळी आकडेमोड केली आणि शेवटी काहीच मागवले नाही. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचे साडेतीन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरला, तेव्हाच फरक निम्मा झाला होता. पहाटेच्या गाडीने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात पाच दुकाने फिरलो. तिसऱ्या दुकानदाराने बोर्डचे खोके माझ्यासमोर उघडले, सॉकेटवरचे झाकण वर करून पिना दाखवल्या आणि पावतीवर अनुक्रमांक स्वतःच्या हाताने लिहून दिला. चौदा महिन्यांनी त्याच दुकानातून घेतलेला पॉवर सप्लाय गेला. ती पावती दाखवली आणि नवव्या दिवशी बदली पॉवर सप्लाय कोल्हापुरात घरी आला.